अ‍ॅक्सिस वाढवला तर आतले आकडेही नव्याने काढा

तुमचा प्रश्न असा: ऑक्टाव्हिया आरएस १.८ ला मोठा टर्बो बसवलाय, लॉगमध्ये (गाडी चालताना घेतलेल्या नोंदीत) लोड, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा भरते तो आकडा, १८५ टक्क्यांपर्यंत जातो, पण ठिणगी कधी पडावी ते ठरवणाऱ्या इग्निशन टेबलच्या लोड अ‍ॅक्सिसवर, म्हणजे कॉलमच्या डोक्यावरच्या आकड्यांत, शेवटचा कॉलम १५० चा आहे. तिथे १८५ लिहिलं तर भागेल का?

नाही भागणार. माझी गाडी हीच, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही हाच, बॉशचा एमई ७.५. पुण्यातल्या एका ट्यूनरने माझ्या फाइलमध्ये नेमकं हेच केलं होतं. १५० च्या कॉलमवर १८५ लिहिलं, १२० च्या कॉलमवर १४०, आणि आतल्या एकाही अंशाला (ठिणगी किती आधी पडावी त्या आकड्याला) हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अ‍ॅक्सिस ही नुसती फूटपट्टी असते." अहो, फूटपट्टीवरचे आकडे खोडून दुसरे लिहिले तर माप तेच राहील का?

४००० आरपीएमची ओळ बघा. मूळ फाइलमध्ये १२० लोडला १५ अंश आणि १५० ला ९ अंश. त्याच्या फाइलमध्ये १५ अंश गेले १४० वर आणि ९ अंश गेले १८५ वर. मग १५० लोडला ईसीयू मधला आकडा काढतो तो येतो १३.७, म्हणजे जवळजवळ पाच अंश जास्त. आणि १८५ ला? शेवटच्या कॉलमच्या पुढे ईसीयू तोच शेवटचा आकडा वापरत राहतो, त्यामुळे तिथे आधीही ९ होते आणि नंतरही ९. जिथे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात बसणारे ठोके) थांबवायला मी गेलो होतो तिथे काहीच बदललं नाही, आणि जो पट्टा बरा चालत होता तो बिघडला.

त्याच संध्याकाळी खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये लॉग घेतला. १५० लोडच्या आसपास ईसीयू नॉकिंगमुळे ठिणगी नऊ-दहा अंश मागे ओढत होता. मी ट्यूनरला फोन केला. "पेट्रोल खराब असेल, दोन टाक्या चालव," म्हणाला. मी ऐकलं, ही माझी चूक. महिन्याभरात तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन निम्म्यावर आलं. इंजिन उघडलं तर पिस्टनवर रिंग बसते ती कडच तुटलेली.

करायचं ते असं. आधी मूळ टेबलमधून नव्या कॉलमसाठी आकडे काढा. वरच्या उदाहरणात १४० ला ११ येतात आणि तोच उतार पुढे नेला तर १८५ ला २. मग १५० लोडला पुन्हा बरोबर ९ मिळतात. आयडल आणि हलक्या लोडच्या कॉलमना हात लावू नका. एकच अ‍ॅक्सिस अनेक टेबलं वापरतात हेही तपासा. टॉर्कचं केएफएमआयओपी आणि आदर्श इग्निशनचं केएफझेडडब्ल्यूओपी यांचा लोड अ‍ॅक्सिस सामाईक आहे, त्यामुळे एकासाठी बदलला की दुसऱ्याचेही आकडे नव्याने काढावे लागतात, आणि केएफएमआयआरएल हे केएफएमआयओपीचं उलटं टेबल (टॉर्कवरून लोड काढणारं) पुन्हा जुळवावं लागतं. नाहीतर टॉर्कचा हिशेब चुकतो आणि पाय दाबलेला असताना थ्रॉटल मिटतो.

आणि हो, १८५ चे २ अंश हा अंदाज आहे, प्रत्यक्षात उतार सरळ नसतो. तिथे शून्य अंशापासून सुरू करा, लॉग बघत वर या. इग्निशन फार मागे ठेवलं तर एक्झॉस्ट तापतो, तेही बघा. लोड १९१ च्या वर जात असेल तर हा उपाय पुरणार नाही, कारण या ईसीयूत इग्निशन टेबलच्या लोडचा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे ठरलेल्या छोट्या जागेत, साठवतात आणि तो तिथेच संपतो. सुबारूसारख्या गाड्यांत लोड ग्रॅम प्रति फेरा असा मोजतात, तिथे माझे आकडे लावू नका.

पेट्रोलचं म्हणाल तर माझ्याकडे त्या दिवसाचे दोन लॉग अजून आहेत. सकाळचा मूळ फाइलचा, संध्याकाळचा त्याच्या फाइलचा. टाकी तीच, चढ तोच. सकाळी १५० लोडला ईसीयूने दोनच अंश ओढले होते.