आजीचा रव्याचा केक आणि नारळाचं दूध: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही ठाण्याचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. माझी आजी नव्याच्या सणाला (म्हणजे रोश हशाना हो, ज्यू नवं वर्ष, आमच्या घरात अजून हेच नाव आहे) गव्हाच्या चिकाच्या हलव्याबरोबर रव्याचा केक पण करायची, नारळाच्या दुधातला. वहीत तिने एवढंच लिहून ठेवलंय, 'रवा ४ कप, साखर ३ कप, अंडी १०, एका मोठ्या नारळाचं दूध, डालडा अंदाजाने, वेलची, जायफळ.' शुक्रवारी किद्दुशला (पेल्यावर म्हणतात त्या प्रार्थनेला) काळ्या मनुकांचं सरबत होतं ना, त्यातल्या उरलेल्या मनुकाही ती केकमध्ये टाकायची. मी केला की अंड्याचा वास येतो, चिवट होतो आणि मधोमध खाली बसतो. सून म्हणतेय नारळ खवत बसण्यापेक्षा सरळ बटर आणि दूध घालू, मस्त होईल. घालू का? आणि हाच केक पेसाखला (आमचा खमीर न खाण्याचा सण) चालेल का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला, वहीतलं ते पान आधी फोटो काढून जपून ठेवा, पुढचं सगळं नंतर.

सूनबाईंच्या प्रश्नापासून सुरू करते कारण खरा मुद्दा तिथेच आहे. बटर घातलं तर केक छानच होईल पण तो आजीचा राहणार नाही, आणि हे मी नुसतं भावनेपोटी म्हणत नाहीये. तुमच्याकडे मटण आणि दूध एका जेवणात येत नाही. सणाला किंवा शुक्रवारी रात्री मटण असणारच, मग त्याच्यामागून दुधातुपाचं गोड वाढता येत नाही, कित्येक तास थांबावं लागतं. नारळाचं दूध मटणातही मोडत नाही आणि दुधातही नाही, अंड्याचंही तसंच, त्यामुळे हा केक कुठल्याही जेवणानंतर पानात येऊ शकतो. कोकणात नारळ दारात आणि धर्माचा नियम घरात, या दोन्हीतून हा केक झालाय. म्हणून साजूक तूप पण नको, तेही दुधाचंच. डालड्याच्या जागी सरळ तेल घ्या, वासाचं नको, सूर्यफूल वगैरे. तुमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी, म्हणजे धर्माच्या सुट्टीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, तेव्हा तेलातला केक तुमच्या घराला काही परका नाही.

आता केक का बिघडतो ते. माझ्या मते घोळ अंड्यांचा आहे. आजीच्या वेळची अंडी गावठी, ती लहान असतात, ३५ ते ४० ग्रॅमच्या आसपास, आणि आज दुकानात मिळतं ते अंडं ५५ ग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे तिची १० ती आपली जेमतेम ७, तुम्ही पूर्ण १० घालताय म्हणून वास येतो आणि केक चिवट होतो. दुसरं म्हणजे तिचा कप कुठला होता ते बघा, जुने चहाचे कप फार लहान असायचे आणि तुम्ही बहुतेक बाजारचा २४० मिलीचा मापाचा कप घेताय, मग त्या एका नारळाचं दूध एवढ्या रव्याला कुठून पुरणार. कपाचा नाद सोडा, वजनावर करा.

माझं माप असं आहे. बारीक रवा २५० ग्रॅम, मंद आचेवर कोरडाच भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही, नुसता वास सुटला की बास. साखर २०० ग्रॅम, अंडी ४, तेल १०० मिली, नारळाचं पहिलं दाट दूध २५० मिली, बेकिंग पावडर दीड चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. अंडी एकेक करून आधी वाटीत फोडायची, रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं बाजूला, हे तुमची आजी करत असणारच. अंडी आणि साखर भरपूर फेटा, अगदी फिकट आणि फुगीर होईपर्यंत, कारण डालडा साखरेबरोबर फेसला की त्यात हवा धरली जायची, तेलात ती धरत नाही, ते काम आता अंड्यांनीच करायचंय. मग तेल, नारळाचं दूध, रवा, वेलची, जायफळ, मीठ सगळं मिसळून अर्धा ते पाऊण तास झाकून ठेवा. ही पायरी अजिबात गाळू नका, रवा दूध पितो आणि फुगतो, न भिजलेला रवा तळाशी जाऊन बसतो आणि केक मधे खचतो तो त्यामुळेच. बेकिंग पावडर मात्र अगदी शेवटी, भट्टीत घालायच्या आधी. सरबतातल्या मनुका घट्ट पिळून जरा मैद्यात घोळवा म्हणजे बुडणार नाहीत (ही आजीची युक्ती मला फारच आवडली, गोडी पण येते आणि काही वाया पण जात नाही). ओव्हन १७० डिग्री, पाऊण तास, सुरी घालून बघा. पूर्वी घरात ओव्हन नसायचे तेव्हा पातेलं मंद आचेवर आणि झाकणावर निखारे असा भाजायचे, नाहीतर कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत थाळा पाठवायचे, त्यामुळे तिचा केक वरून जास्त खरपूस असेल. शेवटची ५ मिनिटं फक्त वरची कॉईल लावा, साधारण तसाच होतो.

डब्यातलं नारळाचं दूध चालेल का, तर चालेल, पण दाट बघून घ्या आणि त्यात दुधाची पावडर नाही ना ते पाठीमागे वाचा, काहींत असते. मुंबई-ठाण्याच्या हवेत हा केक बाहेर दीड-दोन दिवसच टिकतो, नारळ आंबतो. आणि शब्बाथसाठी (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारपर्यंतची ती सुट्टी, तेव्हा स्वयंपाक करत नाहीत) करायचा असेल तर शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत भट्टीतून बाहेर आला पाहिजे, म्हणजे दुपारीच सुरुवात करा.

पेसाखला हा केक नाही चालणार. रवा गव्हाचा, आणि गव्हाला पाणी लागून १८ मिनिटांच्या आत तो भाजला गेला नाही तर तो खमीर धरला जातो, इथे तर आपण मुद्दाम अर्धा तास भिजवतोय. त्या ८ दिवसांसाठी बदामाची भरड, अंडी, साखर, नारळ असा केक करा, तो सुंदर होतो. तुमच्या समाजात पेसाखला भात खातात त्यामुळे थोडं तांदळाचं पीठ घालता येईल, पण युरोपकडचे ज्यू पाहुणे येणार असतील तर त्यांना आधी विचारा, त्यांच्यात बहुतेक ठिकाणी तांदूळ खात नाहीत. बेकिंग पावडर आणि भांडी पेसाखची वेगळी.

प्रश्न: ऑफिसमधल्या मैत्रिणीने शुक्रवारी रात्री घरी जेवायला बोलावलंय, ते ज्यू आहेत. मी घरी केलेला चॉकलेट केक नेला तर चालेल ना? (पुणे)

उत्तर: मनात किती प्रेम असलं तरी न विचारता नेऊ नका. घर कोशेर (खाण्यापिण्याचे ज्यू नियम) पाळणारं असेल तर तुमच्या भांड्यात, तुमच्या ओव्हनमध्ये झालेला केक त्यांना खाता येणार नाही, आणि तोंडावर नाही म्हणताना मैत्रिणीला किती अवघड होईल. शिवाय मटण असेल तर बटरचा केक तसाही बाद. आधी सरळ विचारा, सगळी घरं सारखी काटेकोर नसतात, पाळणाऱ्यांना तर विचारलेलं आवडतंच. नाहीतर चांगली अख्खी फळं न्या, न कापलेली. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, म्हणून अंधार पडायच्या आत पोचा आणि जेवताना मोबाईल पर्समध्येच राहू द्या.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते, नवरा ज्यू, पोलंडकडून आलेलं घराणं. आजेसासूबाईंचा रोश हशानाचा मधाचा केक मला करायचाय पण कोरडा ठक्क होतो.

उत्तर: मध साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून ओव्हन १६० वर ठेवा आणि वेळ जास्त द्या. तेलातच करा, पाण्याऐवजी कडक काळा चहा किंवा कॉफी घाला आणि पाव चमचा सोडा, मध जरा आंबट असतो त्यामुळे सोडा नीट काम करतो. महत्त्वाचं म्हणजे तो त्याच दिवशी कापू नका, गार झाला की घट्ट गुंडाळून २ दिवस ठेवा, मध ओल धरतो आणि केक मऊ पडतो. आजेसासूबाई हयात असतील तर यंदा त्यांच्या शेजारी उभं राहून करा आणि त्यांनी हाताने घातलेली प्रत्येक गोष्ट आधी वजनकाट्यावर ठेवायला सांगा, चिडतील, पण सांगाच.