हातोड्याखालचा राडारोडा

प्रश्न : पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी हातोड्यानं ठोकून घडवणं, पाहिलं. पत्रा काही वेळ ठोकला की कडक होतो, मग तो लालसर तापवून पाण्यात टाकतात. ठोकण्यानं तांबं कडक का होतं? आणि पाण्यात टाकल्यावर ते पोलादासारखं आणखी कडक होत नाही का?

उत्तर : तांब्यातले अणूंचे थर एकमेकांवर सबंध सरकत नाहीत. अणूंच्या मांडणीतली एक चूक, म्हणजे डिसलोकेशन, रेषेसारखी पुढे जाते आणि थर टप्प्याटप्प्यानं सरकतो. हे 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडलं. मऊ तांब्यात एका चौरस सेंटिमीटरमधून अशा साधारण 10 लाख रेषा जातात; जोरात ठोकल्यावर त्या लाखपटीहूनही जास्त होतात. रेषांची घनता शंभरपट झाली, की त्यांच्यातून वाट काढायला लागणारा ताण दहापट होतो.

पण खरा गुंता राडारोड्याचा आहे. एक रेषा दुसरीला छेदते तेव्हा तिच्यावर अणुभर उंचीची पायरी पडते. स्क्रू जातीच्या (जिथे अणू रेषेच्याच दिशेनं सरकलेले असतात अशा) रेषेवरची पायरी सहज पुढे सरकत नाही. ती ओढली गेली की मागे अणूंच्या रिकाम्या जागा उरतात, उंच असेल तर विरुद्ध चिन्हांच्या दोन रेषांची जोडी उरते, आणि तिचे तुकडे पडून छोटी वेटोळी होतात. पुढच्या रेषा यातच अडकतात.

तापवल्यावर आधी रिकाम्या जागा नाहीशा होतात. जोड्या आणि वेटोळी जायला अणूंची हालचाल हवी, त्याला जास्त उष्णता लागते. शेवटी 400 ते 600 अंश सेल्सिअसला नवे, स्वच्छ स्फटिककण उगवतात. पोलादासारखी नवी कडक रचना शुद्ध तांब्यात तयार होत नाही, म्हणून पाण्यानं कडकपणा येत नाही; फक्त वरची काळी खपली तडकून निघते. मात्र जास्त तापवू नका. कण मोठे होतात आणि पुढच्या ठोकणीत पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो.

प्रश्न : ताणलेल्या तांब्याचा टीईएमसाठी (पातळ नमुन्यातून इलेक्ट्रॉन पाठवून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी) नमुना केला. 3 मिलिमीटरची चकती पंचनं कापली. दिसणारी डिसलोकेशन खरी आहेत हे कसं ओळखू?

उत्तर : पंचवर विश्वास ठेवू नका. कापताना पातळ पत्रा वाकतो आणि नव्या रेषा जन्मतात. चकती स्पार्क-कटिंगनं, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापून, काढा, बारीक कागदानं 100 मायक्रोमीटरपर्यंत घासा, आणि घासल्याचा थर ट्विन-जेट इलेक्ट्रोपॉलिशनं (दोन्ही बाजूंनी द्रावणाचा झोत सोडून विजेनं धातू विरघळवून) काढून टाका. द्रावणात 1 भाग नायट्रिक आम्ल, 2 भाग मिथेनॉल, तापमान उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास. मिथेनॉलऐवजी इथेनॉल कधीच वापरू नका, स्फोट होऊ शकतो. मिथेनॉलचं मिश्रणही साठवून ठेवू नका.

ताणलेला नमुना पाहण्याआधी, मऊ केलेल्या तांब्याची चकती अगदी याच पद्धतीनं करून बघा. तिच्यात रेषांचं जाळं दिसलं तर दोष तुमच्या तयारीचा आहे. विरुद्ध चिन्हांच्या रेषांची जोडी ओळखायची तर g चं (इलेक्ट्रॉन ज्या अणुथरांवरून वळतात ते दाखवणाऱ्या सदिशाचं) चिन्ह उलटवा : जोडीतल्या प्रतिमांमधलं अंतर बदलतं. आणि फार पातळ भागात मोजणी करू नका, तिथल्या रेषा पृष्ठभागातून निसटून जातात.