बांडगूळ म्हणायचं कुणाला?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "अंगणातल्या आंब्यावर आलेल्या झुपक्याला आजी बांडगूळ म्हणते. कोकणातून आणून मी त्याच फांदीला बांधलेल्या ऑर्किडलाही तेच म्हणते. दोन्ही बांडगूळच का?"

आजी निम्मी बरोबर. झुपका बांडगुळाचाच. फुलटोच्या त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसून जातो, आणि रुजलेलं बी फांदीच्या आत शिरून पाणी आणि क्षार ओढतं. पानं हिरवी, म्हणजे स्वयंपाक मात्र स्वतःचा. आयतोबाला आपण बांडगूळ म्हणतो तो या झाडावर थोडा अन्यायच. ती शिवी खरी शोभते अमरवेलीला, जिला धड पानंही नाहीत.

ऑर्किड फांदीला नुसतं धरून बसतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात चार दिवस फवारा विसरा, फरक कळेल: बांडगूळ आंब्याच्या जिवावर हिरवंगार, ऑर्किड सुकलेलं.

ऑर्किडसारख्या, नुसतं धरून बसणाऱ्या झाडाला शब्द आहे 'अपिवनस्पती'. इथे पुष्कळजण अडखळतात. 'तथापि', 'यद्यपि' कानात बसलेले, मग ही 'सुद्धा-वनस्पती' कसली? पण 'अपि'ला 'वर, लगत' असाही जुना अर्थ आहे. अपिधान म्हणजे झाकण. इंग्रजी 'एपिफाइट' (अपिवनस्पती) या शब्दातला ग्रीक 'एपि' त्याचाच भाऊबंद. शब्द घडवणाऱ्याचा कान तयार होता, एवढं नक्की.

घोळ मात्र आजीनं घातलेला नाही, तो फार जुना आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात 'वंदा'ला, म्हणजे बांडगुळाला, वृक्षादनी आणि वृक्षरुहा ही दोन्ही नावं एका ओळीत दिली आहेत. एक म्हणतं झाड खाते, दुसरं म्हणतं झाडावर उगवते. हिंदीतला 'बांदा', म्हणजे बांडगूळ, या वंदाच्याच घराण्यातला. आणि ऑर्किडांच्या एका प्रजातीचं शास्त्रीय नाव 'व्हँडा', तेही इथूनच उचललेलं! शोषणारीचं नाव न शोषणारीला.

प्राण्यांसाठी मी त्याच चालीवर 'अपिजीव' म्हणेन. देवमाशाच्या कातडीला चिकटून राहणारे कवचवाले छोटे प्राणी, म्हणजे बार्नेकलं, पाण्यातले कण गाळून खातात, त्यांना परजीवी कसं म्हणायचं?

जाता जाता, आजीच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल. ते फूल नाही, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे, आणि दगडाइतकंच झाडाच्या सालीवरही वाढतं. त्याला बांडगूळ म्हणून बघा आजीसमोर.