अक्षरांना रंग दिलात, पार्श्वभूमीचं काय?

मंडळाच्या गणेशोत्सवाचं पान तुमच्या लॅपटॉपवर झकास दिसतं, पण राजेंद्रनगरच्या काकूंच्या फोनवर कार्यक्रमपत्रिकाच गायब, अशी तुमची तक्रार. कोड पाहिला. फॉन्ट बदलत बसू नका, तो बिचारा निर्दोष आहे.

बॉडीला, म्हणजे सबंध पानाला, तुम्ही गडद करडा ‘कलर’ (अक्षरांचा रंग) दिलाय, ‘बॅकग्राउंड-कलर’ (पार्श्वभूमीचा रंग) दिलेलाच नाही. पांढरा काय, असतोच, असं धरून चाललात. एरवी असतोही. पण वर कुठून तरी उचललेली ‘कलर-स्कीम: लाइट डार्क’ ही ओळ आहे ना, तिचा अर्थ असा की फोन डार्क मोडवर असेल तर ब्राउझरने पानही काळपट करावं. काकूंचा फोन डार्क मोडवर. ब्राउझरने पार्श्वभूमी काळी केली, अक्षरं तुम्ही सांगितली तशी गडदच ठेवली. नुसती ती ओळ काढली तरी आज भागेल, पण खरा उपाय म्हणजे दोन्ही रंग एकाच नियमात, जोडीने लिहा. फॉर्मच्या रकान्यांनाही वेगळी जोडी द्या, ते बॉडीचा रंग आपणहून घेत नाहीत. गणपतीच्या फोटोवर मजकूर आहे तिथे फोटोखाली गडद रंगही द्या. नेट रखडलं आणि फोटो आलाच नाही, तर पांढरी अक्षरं पांढऱ्यावर बसतील.

आता ती केशरी पट्टी. एफएफ९९३३ (तुमच्या केशरीचा रंगकोड) वर पांढरी अक्षरं म्हणजे कॉन्ट्रास्ट, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम २.१ : १. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून ठरवलेले निकष, त्यांच्या एए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ लागतो, मोठ्या अक्षरांसाठी ३. त्याच केशरीवर काळं लिहा, जवळपास १० मिळतो. मंडळात कुणी तरी ‘भगव्यावर पांढरंच शोभतं’ म्हणणारच. त्यांना म्हणावं, केशरी अजून गडद करू द्या. तारखांचा फिका करडाही चालणार नाही. पांढऱ्यावर ७६७६७६ ही चालणाऱ्या करड्याची सर्वांत फिकी पायरी (कॉन्ट्रास्ट ४.५४), ७७७७७७ वर गेलात की नापास. आणि आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, वेलांट्या बारीक, त्यामुळे मी तर ५५५५५५ पेक्षा फिक्या करड्यावर जातच नाही.

तक्त्याला पार्श्वभूमीचा रंग देणारं जुनं ‘बीजीकलर’ही काढा. एचटीएमएल ४.०१ ने १९९९ मध्येच ते टाळायला सांगितलंय, हे काम सीएसएसचं, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेचं.

एवढं केलंत की पान फोनवर एकदा लाइटमध्ये, एकदा डार्कमध्ये उघडा. मग ब्राइटनेस निम्मा करून भर दुपारी राजवाड्यासमोर उभं राहून आरतीची वेळ वाचता येते का बघा.