राजीनामा लिहून देऊ का मॅडम?

समुपदेशनाला लोक कशासाठी येतात असं विचारलं की सगळ्यांना वाटतं घरातली भांडणं नाहीतर दारू, पण गेल्या काही वर्षांत मी जो प्रश्न सतत ऐकतेय तो वेगळाच आहे, आजारी पडलो तर पगार मिळतो का आणि बरा होऊन गेलो तर जागा असते का. आणि हा प्रश्न घेऊन थेट कुणीच येत नाही बरं का. येतात ते झोप लागत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, पोरांवर उगाच हात उगारला जातो म्हणून. खरा प्रश्न नंतर कधीतरी बाहेर पडतो, तोही मान खाली घालून.

2023 मधली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि त्याला विचारूनच लिहितेय. नाव समजा संतोष. वय पस्तिशीच्या आत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टरतर्फे प्रेस मशीनवर, चार वर्षं होऊन गेलेली. बायकोने पाठवलेला. तक्रार एकच, रात्री झोपतच नाही. मी विचारतेय कामाचं, घरचं, आणि तो सगळ्याला "ठीक आहे" म्हणतोय, आणि मधेच रुमाल तोंडाशी धरून खोकतोय. मग हळूहळू कळलं, टीबी निघालाय, सरकारी केंद्रातून गोळ्या चालू झाल्यात, आठवडा होऊन गेलाय, आणि हा माणूस त्या अवस्थेत रोज शिफ्टला जातोय. अशक्तपणा एवढा की मशीनसमोर उभं राहवत नाही. गोळ्यांनी मळमळतं म्हणून ज्या दिवशी कामाचा लोड जास्त त्या दिवशी गोळीच घ्यायची नाही, असला हिशेब त्याने मनानेच लावलेला.

त्यात अजून एक भीती, जी त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. लघवी लालसर केशरी होत होती, त्याला वाटलं रक्त जातंय, आतलं सगळं सडलंय. कंपनीच्या टॉयलेटमध्ये कुणी बघेल म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नव्हता. अहो तो रिफाम्पिसिनचा रंग असतो, टीबीच्या गोळ्यांमधलं एक औषध, घाम आणि डोळ्यातलं पाणीसुद्धा कधी कधी रंगतं, त्यात धोका काही नाही. औषध देताना कुणी हे एक वाक्य सांगितलं असतं तर बिचारा इतके दिवस तहानलेला राहिला नसता. ते ऐकून तो पहिल्यांदा नीट बसला खुर्चीत.

मग आला मूळ मुद्द्यावर. सुपरवायझरला खोकल्यावरून शंका आलेली आणि त्याने बाजूला घेऊन सांगितलं होतं, तू आत्ता राजीनामा लिहून दे, बरा झालास की परत घेतो, नाहीतर अॅबसेंट लागत जाईल आणि कायमचं नाव उडेल. संतोषच्या खिशात कोरा कागद घडी करून ठेवलेला होता. मला म्हणाला, मॅडम लिहून देऊ का, निदान परत घेतील तरी.

इथे मी स्पष्ट बोलते, एरवी समुपदेशकाने सल्ला देऊ नये वगैरे आम्हाला शिकवतात आणि ते बहुतेक वेळा बरोबरच असतं, पण समोरचा माणूस माहिती नसल्यामुळे स्वतःच्या हाताने नोकरी सोडून देत असेल तर "तुम्हाला काय वाटतं" असं विचारत बसणं मला पटत नाही. मी म्हटलं, दादा तो कागद आज लिहायचा नाही, उद्याही नाही, आधी तुमची पगाराची स्लिप दाखवा.

स्लिप मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेली. महिना 16,500 रुपये, त्यात पीएफ वगैरे कट, आणि एका ओळीत 124 रुपये. हे कशाचे विचारलं तर म्हणाला कॅन्टीनचे असतील. ते ईएसआयचे होते, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे. चार वर्षं दर महिन्याला त्याच्याकडून पैसे कापले जात होते, तेव्हा पगाराच्या 0.75 टक्के, आणि त्यावर 3.25 टक्के मालकाने भरायचे होते, आणि हे कशासाठी ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. ईएसआय म्हणजे दवाखाना एवढंच बहुतेकांना माहीत असतं, तेही लांबच्या लांब लायनी लागतात म्हणून. आजारपणात पगाराच्या बदल्यात रोख पैसे मिळतात हा भाग कुणाच्या गावीच नसतो.

तर नियम तेव्हा असे होते आणि ढोबळमानाने हे माहीत असायलाच हवं. महिना 21,000 पर्यंत पगार असलेला कामगार यात येतो, अपंगत्व असेल तर ती मर्यादा 25,000. आजारी पडल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी ठरलेल्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी, म्हणजे हेच कापलेले पैसे, भरलेली पाहिजे. ते सहा महिने आजारपणाच्या लगेच आधीचे नसतात, आणि इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडलात तर आदल्या वर्षीचे एप्रिल ते सप्टेंबर बघतात, जुलै ते डिसेंबरमध्ये पडलात तर आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचं बघतात. संतोष फेब्रुवारीत आजारी पडलेला, म्हणजे त्याचे 2022 चे एप्रिल ते सप्टेंबर. टीबीसारख्या लांबणाऱ्या 34 आजारांना 91 दिवस संपल्यावर पुढे 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं, मात्र त्याला दोन वर्षांची नोकरी आणि अशा चार सहामाहींत मिळून 156 दिवसांची वर्गणी लागते.

आम्ही तिथेच कागदावर हिशेब केला. रोजचे 550 धरले, त्याचे 70 टक्के म्हणजे 385. पूर्ण महिना धरला तर साडेअकरा हजाराच्या आसपास. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि मग जे बोलला ते मी अजून विसरले नाही, म्हणाला, पण मॅडम काम न करता पैसे घ्यायचे म्हणजे भीकच की. हा माणूस घाबरलेला तर होताच पण त्याहून जास्त लाजलेला होता. मग परत स्लिप काढली, ती 124 ची ओळ दाखवली, चार वर्षांचे किती झाले ते त्यालाच मोबाईलवर गुणायला लावलं. पाच हजार नऊशे बावन्न. म्हणाला, एवढे? मग थोड्या वेळाने, आणि मालकाचे वेगळे? हो, मालकाचे वेगळे. त्या दिवशी मी त्याला श्वासाचा व्यायामही शिकवला होता, तो त्याने एकदाही केला नाही असं त्याने पुढच्या वेळी प्रामाणिकपणे सांगितलं, पण झोप मात्र लागायला लागली होती.

आता नोकरीचं. 1948 च्या ईएसआय कायद्याचं 73 वं कलम सांगायचं की कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालक त्याला कामावरून काढू शकत नाही, त्याची पायरी उतरवू शकत नाही, शिक्षा करू शकत नाही, आणि त्या काळात दिलेली नोटीस चालत नाही. (21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड लागू झालेत, ईएसआय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, त्यामुळे आज अर्ज करताना जुने कलम नंबर लिहू नका.) पण तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर तुम्हाला कुणी काढलंच नाही, मग संरक्षण कशाचं मागणार? शिवाय संतोषची चार वर्षं झालेली, पाच झाली की ग्रॅच्युइटी. आजारपणाची रजा त्या सलग नोकरीत धरली जाते, राजीनामा दिला की मीटर शून्यावर. सुपरवायझर मुद्दाम फसवत होता असं मला वाटत नाही हां, त्यालाही वरून प्रेशर असतं आणि त्यालाही यातलं काही माहीत नसतं, पण "परत घेतो" हे तोंडी, आणि राजीनामा लेखी.

पुढच्या भेटीत आम्ही फोनची प्रॅक्टिस केली. मी सुपरवायझर झाले. तो सुरुवातच "सॉरी सर" पासून करायचा, मधे सॉरी, शेवटी सॉरी. सॉरी काढून टाकायला लावलं तर वाक्यच सापडेना. शेवटी फोनऐवजी व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवायचं ठरलं, कारण लेखी राहतं आणि आवाज कापत नाही. मेसेज एवढाच, "सर, माझी तब्येत बरी नाही. ईएसआयच्या डॉक्टरांनी आजपासून विश्रांती सांगितली आहे, सर्टिफिकेटचा फोटो सोबत पाठवत आहे. बरा झाल्यावर फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर होईन." आजाराचं नाव नाही. सुपरवायझरला ते सांगायची गरज नव्हती.

पण सर्टिफिकेट कुठून आणायचं इथे एक गोची झाली. त्याची ट्रीटमेंट सरकारी टीबी केंद्रात आणि ईएसआयला लागतं त्यांच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट. बाहेरच्या डॉक्टरचं दिलं तर ते तपासणीला जातं आणि मंजूर होईलच असं नाही. मग तो सगळे रिपोर्ट घेऊन ईएसआय दवाखान्यात गेला, डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विश्रांती लिहून दिली, पण मागच्या तारखेपासून द्यायला नाही म्हणाले. म्हणजे मधे घरी काढलेले दोन-तीन दिवस गेले ते गेलेच. त्यातून पहिले दोन दिवस वेटिंगचे, त्याचे पैसे मिळत नाहीत, फक्त आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत परत पडलात तरच ती सूट असते. म्हणून मी आता सगळ्यांना पहिल्याच भेटीत सांगते, आधी ईएसआयचा डॉक्टर, मग बाकीची धावपळ.

आणि दुसरी गोष्ट, कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसमधून त्याला सांगितलं की तुझ्या पगारी रजा शिल्लक आहेत त्या लावतो, काळजी करू नको. ऐकायला छान वाटतं. पण ज्या दिवसाची पगारी रजा मिळते त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही, दोन्ही एकदम नाही. रजा वापरायच्याच असतील तर आधीच्या बुडलेल्या दिवसांना लावा असं त्याने सांगितलं आणि तसं झालं, हे त्याला स्वतःला सुचलं होतं, मला नाही.

वर्गणी तपासली तर ईएसआयच्या पोर्टलवर 2022 चा एक महिना शून्य दाखवत होता. कापलेले होते, भरलेले नव्हते. बाकीच्या पाच महिन्यांत 78 दिवस आरामात भरत होते म्हणून अडलं नाही. आणि समजा भरले नसते तरी सगळं संपत नव्हतं, मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल तर ईएसआय तो लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं अशी कायद्यात सोय होती, आणि कॉन्ट्रॅक्टरने नाही भरलं तर मूळ कंपनीची जबाबदारी. फक्त त्यासाठी पगाराच्या स्लिपा जपून ठेवलेल्या पाहिजेत, ज्या बहुतेक लोक फेकून देतात.

पैसे लगेच आले असं अजिबात नाही. बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी कोड बदललेला आणि ईएसआयकडे जुनाच, त्यात बराच वेळ गेला, तोवर मेहुण्याने घर चालवलं आणि संतोषला ते फार लागलं. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी तेव्हा महिना 500 रुपये सरकारकडून यायचे, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झालेत, तेवढाच आधार. त्या दिवसांत आमच्या भेटी मुख्यतः यावरच झाल्या, की कुणाकडून घेणं म्हणजे कमी पडणं का, आणि तो विषय काही सुटला नाही पूर्ण. गोळ्या मात्र एक दिवस चुकवल्या नाहीत. सहा महिन्यांचा कोर्स मधेच तोडला की टीबी औषधांना दाद देईनासा होतो हे त्याला आधीही सांगितलं होतं केंद्रात, पण शिफ्टचं टेन्शन असताना ते कानातच गेलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी फिटनेस घेऊन गेला. घेतलं कामावर, पण प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं आणि ओव्हरटाइम बंद. त्याला राग आला, मलाही आला. पगार आणि ग्रेड तेच असल्यामुळे त्यात लगेच तक्रारीसारखं काही नव्हतं, तरी तारीख लिहून ठेवायला सांगितलं, आणि पुढे काही झालं तर सहाय्यक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला जायचं हेही.

ज्यांचा पगार 21,000 च्या वर आहे ते आता म्हणतील आमचं काय. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसं यांच्यासाठी 2017 चा कायदा आहे, 2025 पर्यंत दहा आणि आता वीस किंवा जास्त माणसं असतील तिथे वर्षाला 8 किरकोळ रजा पगारी, आणि वर्षात 240 दिवस काम केलं असेल तर दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा, ती 45 पर्यंत साठते. आजारी रजा असा वेगळा कप्पा त्यात नाही, त्यामुळे कंपनीची पॉलिसी आणि अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, धडधाकट असताना वाचा, तापात कुणी वाचत नाही.

आणि एक प्रश्न हमखास येतो, मनाच्या आजाराला हे चालतं का, डिप्रेशन आहे म्हणून कोण सुट्टी देणार. चालतं. डॉक्टरने कामावर जाण्यासारखी स्थिती नाही असं लिहून दिलं तर आजार शरीराचा की मनाचा हा फरक ईएसआयच्या रोख लाभात नाही, आणि त्या 34 आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजारही आहेत. सर्टिफिकेट मात्र डॉक्टरचंच लागतं, माझ्यासारख्या समुपदेशकाचं चालत नाही, त्यामुळे आमच्याकडून चिठ्ठी मागू नका, आम्ही फार तर तुमच्यासोबत दवाखान्यापर्यंत येऊ.