ट्रॅक म्हणजे मार्ग नव्हे, माग

प्रश्न असा आला आहे: जिओकॅशिंगवाले, म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेले डबे शोधणारे, एकमेकांना जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसच्या नोंदींची फाइल, पाठवतात. तिच्यातल्या ट्रॅकला मराठीत ‘मार्ग’ म्हणावं की ‘पथ’?

दोन्ही नको. रत्नागिरीच्या सड्यावर हिंडणारे ‘मार्ग पाठवलाय’ म्हणतात आणि फाइल उघडावी तर आत एकच बिंदू. तो वेपॉइंट, म्हणजे खूण. रूट म्हणजे निघण्याआधी ओळीने लावलेल्या खुणा. ट्रॅक म्हणजे चालून झालेल्या वाटेची यंत्राने टिपलेली नोंद: दर बिंदूला अक्षांश-रेखांश, बहुधा उंची आणि वेळही. (वेळ जागतिक, म्हणजे यूटीसी असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे.) त्याला मराठीत शब्द आयता आहे: माग.

त्याची कुळी बघा. संस्कृत ‘मृग’, त्यावरून ‘मार्ग’: आधी शोध, शिकार, जनावराच्या पावलांची ओळ आणि मग रस्ता. प्राकृतात ‘मग्ग’, मराठीत ‘माग’. ‘मागणे’ त्याच घरातलं, ‘मागे’सुद्धा. म्हणून ‘मागे राहतो तो माग’ ही फोड साफ उलटी आहे. जुने संस्कृत टीकाकार ‘मृज्’, म्हणजे स्वच्छ करणे, हा धातू पुढे करतात. पायांनी झाडली जाते ती वाट, म्हणून मार्ग. मला हे मुळीच पटत नाही. रानातली वाट आधी पावलांवरून ओळखली जाते, झाडलोट गाव वसल्यावरची. ‘माग काढणे’ म्हणणाऱ्या भाषेला तर हे वेगळं सांगायला नको.

माग तुटतोही. सिग्नल गेला की फाइलीत नवा तुकडा सुरू होतो. काही ॲप हे तुकडे सांधतात आणि माणूस भाट्ये खाडीवरून सरळ रेषेत चालत गेल्यासारखा दिसतो. लॉक (.loc) या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत नुसत्या खुणाच मावतात, त्यामुळे माग हवा तर जीपीएक्सच मागा.

आकडेही नीट लिहा. जिओकॅशिंगच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं असतात, जीपीएक्समध्ये दशांश अंश. १६ अंश ५९.४०० मिनिटं म्हणजे १६.९९, ७३ अंश १८ मिनिटं म्हणजे ७३.३. हेच १६.५९४ आणि ७३.१८ असं टाकलंत, तर रत्नागिरी शहरातला डबा जैतापूरसमोरच्या समुद्रात जातो.