गाडी पाणी पितेय? आधी ते जातंय कुठे ते बघा

प्रश्न: दादा, आम्ही रामबागेत राहतो, घरी डब्यांचं काम आहे, रोज सकाळी चाळीस डबे पलासिया आणि विजयनगरकडे जातात. दिवाळीआधी एक सेकंडहँड मारुती व्हॅन घेतली, 2012 चं मॉडेल, पेट्रोल. चालते छान पण दर आठ-दहा दिवसांनी कूलंटची ती पांढरी प्लास्टिकची टाकी रिकामी होते. मेकॅनिक म्हणतो, "पुरानी गाड़ी है दीदी, पानी पीती है, डालते रहो." म्हणून बोअरिंगचं पाणी घालतोय. आधी आत हिरवं होतं, आता चहासारखं दिसतंय. ह्यांचं म्हणणं, इंदुरात कुठे बर्फ पडतो, कूलंट हवंच कशाला! तर हे बघायचं कसं, घालायचं काय आणि किती, आणि गाडी खरंच पाणी पिते का?
एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, गाडी पेट्रोल पिते, म्हातारी झाली की थोडं ऑइलही पिते, पण पाणी पीत नाही. ते आतल्या आत फिरत असतं, इंजिनातून रेडिएटर, रेडिएटरमधून परत इंजिन, बंद चक्कर. चांगल्या गाडीत वर्षभरात टाकीतली पातळी बोटभर खाली गेली तर ठीक, पण दहा दिवसांत टाकी कोरडी म्हणजे कुठून तरी बाहेर जातंय, आणि तुम्ही वरचेवर ओतून ते लपवताय. रागावू नका, मीही दोन वर्षं हेच केलंय.

आता बघायचं कसं. सकाळी पहिली फेरी निघायच्या आधी, गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा, आणि सपाट जागेवर. रामबागेतल्या उतारावर एक चाक वर एक खाली असं उभं करून बघू नका, पातळी खोटी दिसते. टाकीवर लो आणि फुल अशा दोन खुणा असतात, काही गाड्यांत मिन आणि मॅक्स लिहिलेलं असतं, थंड गाडीत पाणी या दोघींच्या मधे पाहिजे. टाकी नेमकी कुठली असा गोंधळ झाला तर (काचेच्या पाण्याची टाकीही तशीच पांढरी असते, आणि तिच्यात कूलंट ओतणारे महाभाग मी पाहिलेत) रेडिएटरच्या झाकणाच्या मानेपासून निघालेला बारीक रबरी पाइप जिथे जातो ती तुमची टाकी.

पण नुसती टाकी बघून भागत नाही, आणि सेकंडहँड गाडीत तर अजिबातच नाही. थंड गाडीतच, पुन्हा लिहितो, थंड गाडीतच, रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बघा, पाणी मानेपर्यंत दिसलं पाहिजे. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होतं, कारण त्या झाकणात दोन वॉल्व्ह असतात, एक गरम झाल्यावर वाढलेलं पाणी टाकीत सोडतो आणि दुसरा गाडी थंड झाली की ते परत आत ओढू देतो. झाकणाचं रबर कडक झालं किंवा तो बारीक पाइप चिरला की परत ओढणं बंद, आणि मग टाकीतलं पाणी टाकीतच बसून राहतं, इंजिन मात्र तहानलेलं. म्हणून माझा नियम, जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात नवीन झाकण, तेवढ्याच प्रेशरचं, जुन्यावर आकडा छापलेला असतो तो दुकानदाराला दाखवायचा.

झाकणाचं प्रेशर कशाला, तर ह्यांच्या बर्फाच्या मुद्द्याचं उत्तर तिथेच आहे. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, इथे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिनातलं पाणी तर नेहमीच 85-90 च्या घरात फिरतं, म्हणजे उकळायला उरलं किती? झाकण 0.9 बारचं असेल तर कुकरसारखा दाब धरतं आणि साधं पाणीसुद्धा 118 पर्यंत टिकतं, अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर त्याच्याही वर. तेव्हा बर्फ न पडो, मे महिन्यात 42 अंशात सरवटे बसस्टँडसमोर जाममध्ये गाडी उभी असते ना, कूलंट त्याच्यासाठी. आणि दुसरं, खरं तर मोठं काम म्हणजे गंज. कूलंटमध्ये गंज थांबवणारी औषधं असतात, साध्या पाण्यात ती नसतात. तुमचा तो चहा म्हणजे इंजिनातला गंज आहे ताई.

बोअरिंगचं पाणी आजपासून बंद. आपल्याकडचं बोअरिंग कसं असतं ते तुमच्या गिझरला विचारा, नाहीतर बादलीच्या कडेला बघा, पांढरी खार. तीच खार रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत बसते आणि मग रेडिएटर पुढून चकचकीत आणि आतून अर्धा बंद. नळाला येणारं नर्मदेचं पाणी त्यापेक्षा बरं, पण तेही रस्त्यात अडचण आली तरच. घरी घालायचं ते बॅटरीवालं डिस्टिल्ड पाणी, पंपावरही मिळतं.

कूलंट दोन प्रकारचं येतं, एक रेडीमेड पातळ, ते तसंच ओतायचं, दुसरं घट्ट, त्यात डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळायचं. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या, कारण रेडीमेडमध्ये पुन्हा पाणी घातलं तर ते फार फिकं होतं. आणि घट्टच ओतलं तर जास्त चांगलं असंही नाही हं, कूलंटमधलं मुख्य रसायन ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता उचलत नाही, नुसतं घट्ट असेल तर इंजिन उलट जास्त तापतं. तुमच्या गाडीत मात्र नुसता टॉप-अप नको, त्या चहावर हिरवं ओतून काय होणार. सगळं काढून, दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन, शेवटी एकदा डिस्टिल्डने धुऊन मग नवीन भरून घ्या. व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, मधले पाइप लांब, त्यामुळे भरताना हवा अडकते. थंड गाडीत झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, मग इंजिन चालू करून तसंच राहू द्या, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) उघडला की बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते, तेवढं पुन्हा भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. पंख्यापासून हात आणि पदर दोन्ही लांब. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पातळी बघायची, बहुतेक वेळा थोडी उतरलेली असतेच.

काढलेलं कूलंट नालीत नाही ओतायचं. चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. सफाईत नंबर वन शहर ना आपलं!

आता मुख्य गोष्ट, जातंय कुठे. नवीन भरलं की टाकीवर मार्करने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग पडला तर सोपं काम, डागाच्या वर बघायचं, बहुतेक एखादी क्लिप सैल नाहीतर होज, म्हणजे पाण्याचा जाड रबरी पाइप, फुगलेली. होज थंड असताना दाबून बघा, करकर आवाज आला किंवा अगदी लिबलिबीत लागली तर बदलायची. वॉटर पंपाला खाली एक छोटं भोक असतं, तिथून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं, ते भोक एम-सीलने बुजवू नका, ते सांगायलाच ठेवलेलं असतं. पुठ्ठा कोरडा असला तरी सांध्यांवर हिरवट-पांढरी पपडी शोधा, गरम असताना थेंब पडतो आणि तिथेच वाळतो, खाली येतच नाही.

आणि बाहेर कुठेच काही नाही, तरी रेघेखाली जातंय, तर मग पाणी आत चाललंय, म्हणजे हेड गॅसकेट, इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, ते गेलंय. गाडी पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, किंवा चालू इंजिनात टाकीत सतत बुडबुडे, यातलं एकही दिसलं तर डबे दोन दिवस रिक्षाने पाठवा पण ती गाडी चालवू नका. हिवाळ्यात सकाळी सुरुवातीला थोडा पांढरा धूर सगळ्याच गाड्या सोडतात, त्याला घाबरू नका.

कुणी सांगेल रेडिएटरमध्ये हळद घाला, लीक बंद होतो. होतो कधीकधी, ट्रकवाले करतात, पण ती हळद चांगल्या नळ्याही बंद करते. हळद डब्याच्या वरणातच बरी.

प्रश्न: काका, माझ्या व्हॅनमध्ये हिरवं कूलंट आहे, छोटी ग्वालटोलीत दुकानदार लाल देत होता, म्हणाला सब एक ही है. घालू का?
एक वाचक, महू

उत्तर: नको. रंग हा नुसता रंग असतो, कंपनी कुठलाही घालते, त्यामुळे दोन हिरवीसुद्धा वेगळी असू शकतात. पण आतली रसायनं वेगळ्या जातीची असली तर एकमेकांचं काम बिघडवतात, कधी गाळ धरतो. टॉप-अपला आत जे आहे तेच, माहीत नसेल (सेकंडहँडमध्ये कुणाला माहीत असतं म्हणा) तर थोडं डिस्टिल्ड पाणी घालून वेळ मारून न्या आणि सवडीने सगळं बदला. साध्या हिरव्याला दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटर धरून चाला.

प्रश्न: दादा, शहरात गाडीचा काटा मधेच असतो, पण ओंकारेश्वरला जाताना घाटात वर चढतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकलाय, तरी तेच.
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: जाममध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक, तर पंखा बघायचा. तुमचं उलट आहे, चढावर जोर पडला की तापते, म्हणजे रेडिएटर आतून चोंदलेला असण्याचीच शक्यता जास्त, किंवा मुळात पाणी कमी. थर्मोस्टॅट मात्र परत बसवा, तो नसला की इंजिन थंडीत लवकर गरम होत नाही, ॲव्हरेज पडतो आणि रोग तसाच राहतो.

आणि काट्यावर फार भरवसा नको. पाणी खूप कमी झालं की सेन्सर पाण्यात न राहता हवेत लोंबकळतो आणि काटा चक्क खाली येतो. भेरूघाटात माझ्याच गाडीचं असं झालं होतं, काटा उतरला म्हणून मी खूश, आणि पाच मिनिटांत सीटखालून वाफ. तेव्हा घाबरून झाकणाला हात घातला, फडकं गुंडाळून, तरी मनगटावर डाग आहे अजून. काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर असेल तर फुल गरमवर, खिडक्या उघड्या, आणि सावलीत बाजूला घेऊन बंद करायची. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी तर मुळीच नाही, हेड वाकतं. वरची होज हाताला कोमट लागली की मग उघडा, आधी अर्धा आटा फिरवून फुस्स होऊ द्या. तेवढ्या वेळात घाटातल्या टपरीवर चहा घ्या, माकडांपासून पिशवी सांभाळून.